हॉजेस परत का गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'फील्ड्स ऑफ फायर' ही व्हिएतनाम युद्धावरची कादंबरी वाचून संपली. तिचा नायक लेफ्टनंट हॉजेस समजूतदार आहे, विचार करणारा आहे. तरी पूर्वज लढले म्हणून तो युद्धावर जातो, जखमी होऊन सुखरूप ठिकाणी पोचतो आणि तिथून पुन्हा मागे जाऊन मरतो. ही घराण्याच्या परंपरेची आरती आहे की तिच्यावरचा आरोप? विचारणाऱ्या मुलाने शेवटी एक ओळ जोडली आहे: त्याचे आजोबा आणि वडील दोघेही फौजेत होते आणि तो स्वतः एनडीएच्या परीक्षेची तयारी करतो आहे.

त्या शेवटच्या ओळीमुळे उत्तर लांबणार आहे. मी पायदळात नोकरी केली, प्लॅटून, म्हणजे छोट्या तुकडीपासून सुरुवात करून पुढे पलटण सांभाळली आणि नंतर काही वर्षं नव्या अधिकाऱ्यांना शिकवलं. ही कादंबरी मी त्यांच्या हातात आवर्जून देत असे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. परंपरा हॉजेसला युद्धाच्या दारापर्यंत आणून सोडते. दाराच्या आत तिचा त्याला फारसा उपयोग होत नाही. जखमी झाल्यावर त्याला जिथे नेतात त्या जपानच्या ओकिनावा बेटावरून तो परत जातो तेव्हा त्याला ओढणारे पूर्वज राहिलेले नसतात, त्याच्या प्लॅटूनमधली जिवंत माणसं असतात. पहिल्या वाचनात हा बदल निसटतो, कारण पूर्वजांचं प्रकरण फार प्रभावी आहे आणि डोक्यात तेच घुमत राहतं.

लेखक जेम्स वेब यांच्याबद्दल थोडं. १९६८ साली अनॅपोलिसच्या नौदल अकादमीतून ते बाहेर पडले आणि मरीन कोअरमध्ये गेले. हे अमेरिकेचं वेगळं सैन्यदल. जहाजांवरून शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणं हे त्याचं मूळ काम, पण व्हिएतनाममध्ये त्याला वर्षानुवर्षं साध्या पायदळासारखं भातखाचरांत आणि डोंगरांत झुंजावं लागलं. १९६९ मध्ये दा नांगच्या नैर्ऋत्येला असलेल्या आन होआ खोऱ्यात वेब यांनी पाचव्या मरीन रेजिमेंटमध्ये आधी प्लॅटून आणि मग कंपनीचं नेतृत्व केलं. १० जुलै १९६९ च्या चकमकीत शत्रूचे बंकर घेताना त्यांनी आपल्या जवानाला ग्रेनेडपासून वाचवण्यासाठी स्वतःचं शरीर आड घातलं. त्याबद्दल त्यांना नेव्ही क्रॉस मिळाला. मेडल ऑफ ऑनर या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या खालोखालचा हा सन्मान. जखमांमुळे १९७२ मध्ये त्यांना सैन्य सोडावं लागलं, मग त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं आणि १९७८ मध्ये ही पहिली कादंबरी आली. पुढे ते रेगन यांच्या काळात नौदल सचिव झाले, नंतर व्हर्जिनियाचे सिनेटर. पण पुस्तक लिहिलं तेव्हा ते तिशीतले, जखमी आणि मनाने खोऱ्यातच अडकलेले गृहस्थ होते, आणि पुस्तकाच्या पानापानावर ते दिसतं.

आता हॉजेस. पूर्ण नाव रॉबर्ट ई. ली हॉजेस, ज्युनियर. गाव केंटकीतलं. दुसऱ्या महायुद्धात वडील मारले गेले आणि त्यांचं नाव या मुलाला मिळालं. अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक युद्धात या घराण्यातलं कुणी ना कुणी लढलं आहे, पडलं आहे, लंगडत घरी आलं आहे. लहानपणी जेवताखाता ऐकलेल्या या गोष्टी. त्यातून या मुलाच्या मनात एक पक्कं बसतं की आपल्या पिढीच्या वाट्याला जे युद्ध येईल ते आपलं, मग ते कशासाठीही असो.

'कशासाठीही असो' हा भाग नीट वाचायला हवा. नावातच रॉबर्ट ई. ली आहे, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती. हॉजेस घराणं लढण्याचा वारसा सांगतं, लढाईचं कारण सांगत नाही. बाजू हरली, कारण चुकीचं ठरलं, तरी लढलो एवढा अभिमान पिढी दर पिढी साठत गेला. वेब यांनी हे लपवलेलं नाही. उलट असं नाव घेऊन आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखाली त्यांनी कॅननबॉलसारखा कृष्णवर्णीय मरीन ठेवला आहे. बुशमध्ये, म्हणजे मरीनांच्या भाषेत प्रत्यक्ष मुलखात, दोघांचा जीव एकमेकांच्या हातात असतो. मागच्या तळावर परतलं की वर्णाच्या भिंती पुन्हा उभ्या राहतात. यात अतिशयोक्ती काही नाही. जुलै १९६९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लजून या मरीन तळावरच्या वांशिक मारामारीत एका मरीनचा जीव गेला होता. जो वारसा हॉजेसला छाती फुगवायला शिकवतो, तोच शेजारच्या खंदकातल्या माणसासाठी जुनी जखम आहे. परंपरेचा विचार करताना ही बाजू मुलांच्या डोळ्यांआड राहते, म्हणून मी ती शिकवताना मुद्दाम पुढे आणत असे.

मग तो खोऱ्यात उतरतो, आणि इथून पुढचा भाग मला या पुस्तकात सर्वांत खरा वाटतो.

परिस्थिती काय होती ती लक्षात घे. मरीनाची नेमणूक तेरा महिन्यांची. अधिकाऱ्याला मात्र बहुतेक वेळा त्यातला निम्माच काळ प्रत्यक्ष बुशमध्ये काढावा लागे, उरलेला मागच्या तळावर कामकाजात. म्हणजे जवानांच्या नजरेतून दर काही महिन्यांनी एक नवा लेफ्टनंट येतो, त्यांच्या जिवावर धंदा शिकतो आणि शिकून झाला की निघून जातो. कागदावर चाळीसहून जास्त माणसांची प्लॅटून खोऱ्यात अनेकदा तिशीच्याही खाली आलेली असे. उरलेल्यांचे डोळे नव्या साहेबावर लागलेले असतात, आणि त्यांना त्याच्याकडून दोन-तीनच गोष्टी हव्या असतात. याला नकाशा वाचता येतो का? तोफखान्याला जागा कळवताना सहा आकड्यांतला एक चुकला, तर गोळे आपल्याच डोक्यावर पडतात. हा भातखाचराच्या बांधावरून चालवणार की चिखलातून? बांध सोपा, म्हणूनच स्फोटकांचे सापळे तिथे पेरलेले. हे खोरं ज्यात येतं त्या क्वांग नाम प्रांतात मरीनांचे पाय आणि जीव घेण्यात अशा सापळ्यांचा वाटा फार मोठा होता. आणि तिसरं, वरून वेडगळ हुकूम आला तर हा रेडिओवर साहेबाशी दोन शब्द बोलेल का?

यातल्या एकाही प्रश्नाला 'माझे पणजोबा अमक्या लढाईत होते' हे उत्तर चालत नाही.

प्लॅटून खऱ्या अर्थाने चालवतो तो स्नेक. शहरातल्या गरीब वस्तीतून आलेला, मारामाऱ्या करत वाढलेला पोरगा. त्याच्या घराण्याचं नाव कुणी कुठे कोरून ठेवलेलं नाही. बाहेरच्या जगात त्याला किंमत नव्हती. बुशमध्ये तो सर्वांत शहाणा माणूस ठरतो, कारण कुठल्या झाडीत शत्रू असेल हे त्याला वासावरून कळावं तसं कळतं. हॉजेसचं मोठेपण एवढंच की त्याला हे लवकर उमगतं. तो स्नेककडून शिकतो, त्याच्यावर विसंबतो आणि तरीही निर्णयाचं ओझं स्वतःच्या खांद्यावरून खाली उतरवत नाही.

आपल्याकडे हे नातं सुभेदार साहेब आणि नवा लेफ्टनंट यांच्यात असतं. जवानापासून वर आलेला, वीस-बावीस वर्षं नोकरी झालेला जेसीओ (सुभेदारासारखा कनिष्ठ अधिकारी) तुम्हाला सॅल्यूट ठोकतो, 'साहेब' म्हणतो आणि रात्री गस्तीच्या आधी हळूच विचारतो, "साहेब, नाल्याकडून गेलो तर?" तो सुचवत नसतो, तो तुमचा जीव वाचवत असतो. माझ्या पहिल्या सुभेदार साहेबांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही प्रबोधिनीत मिळालं नसतं. हॉजेस आणि स्नेक यांची पानं वाचताना मला दर वेळी ते आठवतात. मरीनांकडे जेसीओसारखी वेगळी फळी नाही, प्लॅटून सार्जंट आणि पथकांचे नायक हेच ते काम करतात, पण नात्याचा गाभा तोच.

हळूहळू काय होतं, हॉजेसच्या डोक्यात जिथे पूर्वज राहत होते तिथे माणसं राहायला येतात. कोण कुणाशी भांडला आहे, कुणाला पायाला गळवं झाली आहेत, कुणाचे किती दिवस उरले आहेत. वेब यांनी या माणसांना फार वेळ दिला आहे, त्यांच्या शिव्या, खोड्या, खायच्या डब्यांची अदलाबदल, सगळं. घाईने वाचणाऱ्याला हे भरताड वाटतं. पण ते वगळलं तर पुढचा निर्णय कळतच नाही.

हॉजेस जखमी होतो आणि ओकिनावाला जातो. तिथे स्वच्छ चादरी आहेत, गरम जेवण आहे, मित्सुको नावाची मुलगी आहे जिच्यावर त्याचं खरं प्रेम बसतं. घराण्याचं देणं इथे फिटलेलं आहे. युद्धावर गेला, रक्त सांडलं, जखम झाली. पूर्वजांच्या ओळीत त्याची जागा आता पक्की. नुसत्या परंपरेचा माणूस इथे थांबला असता, आणि कुणी त्याला नाव ठेवलं नसतं.

तो जातो, कारण प्लॅटून तिकडे आहे आणि तो इकडे आहे. हे ज्याने माणसं सांभाळली आहेत त्याला लगेच कळतं, बाकीच्यांना वेडेपणा वाटतो. इस्पितळात पडलेला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो पलटणीचा. आज गस्तीवर कोण गेलं, माझ्या जागी कोण आहे, तो त्यांना बांधावरून तर चालवत नाही ना. त्यात शौर्याचा आव नसतो. झोप लागत नाही, एवढंच.

वेब यांचा प्रामाणिकपणा असा की या निर्णयाचं ते बक्षीस देत नाहीत. हॉजेस परत जातो आणि मरतो. मित्सुकोच्या पोटी त्याचा मुलगा मागे उरतो, वडिलांना न पाहिलेला. म्हणजे हॉजेस स्वतः ज्या जागी होता, त्याच जागी पुढची पिढी. जो या पुस्तकाला आरती म्हणतो, त्याने या मुलाचं काय करायचं ते सांगावं.

गुडरिचबद्दल थोडक्यात. हार्वर्डचा विद्यार्थी, लष्करी बँडमध्ये वाजवायला मिळेल म्हणून मरीनांत भरती झालेला आणि पायदळात येऊन पडलेला. त्याच्या पाठीशी लढण्याची परंपरा नाही, विचारांची शिस्त मात्र आहे. पथकातली माणसं सूडाच्या भरात एका व्हिएतनामी पुरुषाला आणि स्त्रीला मारतात, तेव्हा तक्रार करणारा तोच. कायद्याने आणि माणुसकीने तो बरोबर आहे. मी हे स्पष्ट लिहितो, कारण काही फौजी वाचक त्याला गद्दार म्हणून मोकळे होतात. निःशस्त्र माणसाला मारणं हा गुन्हा आहे, मित्र गमावल्याचं दुःख कितीही मोठं असलं तरी. पण त्याच गुडरिचला वाचवताना स्नेक मरतो. पाय गमावून तो घरी येतो आणि युद्धविरोधी सभेत बोलायला उभा राहतो तेव्हा समोरच्या मुलांनाच जाब विचारतो. त्या काळी महाविद्यालयात शिकणाऱ्यांना सक्तीच्या भरतीतून सवलत होती, त्यामुळे सभेतले बहुतेक जण कधीच त्या खोऱ्यात गेले नसते. हॉजेसला वारशाने जे ओझं मिळालं ते गुडरिचला अनुभवाने मिळतं, आणि दोघांपैकी कुणालाच ते खाली ठेवता येत नाही.

कादंबरीत काय कमी आहे तेही सांगायला हवं. व्हिएतनामी माणसं बहुतेक वेळा दुरून दिसतात. आधी दुसऱ्या बाजूने लढलेला आणि आता मरीनांना वाट दाखवणारा डॅन हा एक जिवंत अपवाद, बाकी गावकरी म्हणजे भय, संशय आणि धूर. ज्यांच्या शेतात हे सगळं घडलं त्यांच्याही घराण्यांना परंपरा होत्या, शतकानुशतकं परकीयांशी लढण्याच्या. त्या इथे येत नाहीत. मित्सुकोही मला अपुरी वाटते. तिचं दुःख आपण हॉजेसच्या नजरेतूनच जास्त पाहतो.

आता कल्पित हॉजेसच्या शेजारी एक खरा माणूस ठेवतो. लुईस 'चेस्टी' पुलर हे मरीन कोअरच्या इतिहासात सर्वाधिक गौरवलेलं नाव. पाच नेव्ही क्रॉस. ग्वादलकनाल, पेलेलिऊ, कोरियातलं चोसिन सरोवर, या सगळ्या लढायांत ते होते. त्यांचा मुलगा लुईस पुलर ज्युनियर याच नावाने, याच दलात, लेफ्टनंट म्हणून व्हिएतनामला गेला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी पेरून ठेवलेल्या तोफगोळ्यावर त्याचा पाय पडला. दोन्ही पाय गेले, हातांची बरीचशी बोटंही. कणखरपणासाठी ज्यांच्या दंतकथा झाल्या ते वडील मुलाला इस्पितळात पाहून रडले. मुलाने पुढे वकिली केली, निवडणूक लढवली, १९९१ मध्ये आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. वेदना, दारू आणि नैराश्य यांच्याशी तो वर्षानुवर्षं झगडत राहिला आणि १९९४ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. त्याच्या पुस्तकात वडिलांबद्दल राग शोधणाऱ्याला तो फार सापडत नाही. प्रेम आहे, आणि त्या प्रेमाचा भार आहे. मला हे वाचून नेहमी वाटतं की जुलमी बापाची परंपरा झुगारणं त्यामानाने सोपं असतं, प्रेमळ बापाची कठीण.

वेब यांच्या घरातही हा धागा तुटलेला नाही. त्यांचे वडील हवाई दलात अधिकारी होते. इराक युद्धाच्या आधी, सप्टेंबर २००२ मध्येच, वेब यांनी जाहीर लेख लिहून विचारलं होतं की पुढची तीस वर्षं आपण त्या देशात ठाण मांडून बसणार आहोत का. त्यांचा विरोध ठाम होता. आणि २००६ मध्ये त्यांचा मुलगा मरीन म्हणून इराकमधल्या रमादीत होता. सिनेटच्या प्रचारात बाप मुलाचे लष्करी बूट पायात घालून फिरत होता. युद्धाला विरोध आणि लढणाऱ्यांशी निष्ठा या दोन गोष्टी एका माणसात, एका घरात राहू शकतात.

आता तुझ्याबद्दल. तुझं गाव कुठलं ते तू लिहिलेलं नाहीस, पण मी ज्या भागातून येतो तिथे साताऱ्याजवळ अपशिंगे आहे. पहिल्या महायुद्धात या गावातले ४६ जवान मारले गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' कायमचं लागलं आहे. अशा गावांत फौज ही केवळ अभिमानाची बाब कधीच नव्हती. कोरडवाहू जमीन, घरात चार भाऊ, एकाने पलटणीत जायचं म्हणजे बाकीच्यांच्या चुली पेटतील, हा हिशेब त्यात होता. केंटकीच्या डोंगरातल्या गरीब कुटुंबांचंही वेगळं नव्हतं. मागच्या पिढ्यांनी गरजेने जे केलं त्यावर पुढच्यांनी अभिमानाचा मुलामा चढवला, म्हणून तो अभिमान खोटा ठरत नाही. पण तुझ्या आजोबांना जी निवड बहुधा नव्हती ती तुला आहे. दुसरा पेशा धरलास तर कुणाशी बेइमानी होणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

जायचंच ठरवलंस तर एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळासमोर, मुलाखत घेणारा विचारेल, फौजेत का यायचं आहे? फौजी घरातली बहुतेक मुलं 'वडिलांना पाहून' म्हणतात. ते खरं असतं आणि सांगायला हरकत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ते तुमच्या वडिलांचं झालं, तुमचं काय? इथे घोकलेलं उत्तर टिकत नाही. त्यासाठी एक करून बघ. वडिलांना लढायांबद्दल आणि पदकांबद्दल विचारू नकोस, ते तू लहानपणापासून ऐकलं असशील. त्यांच्या पहिल्या सेक्शनमध्ये कोण कोण होतं ते विचार. माणसं कुठली होती, कुणाला काय जमायचं, कोण त्रास द्यायचा, रजा कुणाची कापावी लागली, कोण परत आलं नाही. ते किती वेळ बोलतात ते पाहा आणि ऐकताना तुला त्या कामात स्वतःला पाहावंसं वाटतं का ते तपास. अधिकाऱ्याचं रोजचं काम तेच आहे. लढाई कधी तरी येते, काहींच्या नोकरीत येतच नाही.

आणि कादंबरी पुन्हा वाच, या वेळी हॉजेस खोऱ्यात उतरतो तिथून सुरुवात करून. पूर्वजांचं प्रकरण सगळ्यात शेवटी वाच. धाकट्या पुलरचं आत्मचरित्र मात्र लेखी परीक्षेच्या तोंडावर घेऊ नकोस. ते जड आहे, निकाल लागल्यावर सवडीने वाच, आणि शक्य असेल तर वडिलांनाही वाचायला दे.